आपले प्रश्न : एक लॉग-इन, चार वापरणारे

हिशेबाच्या आणि धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय करू द्यायचं आणि काय नाही, यावर आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं काढली आहेत.

आमचं सुताचं होलसेल दुकान आहे, भागीदारी फर्म. टॅलीप्राइम तीन कॉम्प्युटरवर चालतं. हिशेबनीस, बिलिंगची दोन मुलं आणि मी, सगळे मालकांच्या एकाच नावाने आत जातो. मार्चमधलं एक बिल जुलैत बदललेलं सापडलं. कोणी बदललं ते कळेना. वेगळे युजर कसे करायचे?
— इचलकरंजी

आधी त्या बिलाचं बघू. एडिट लॉग (कोणी कधी काय बदललं याची टॅलीतली नोंद) चालू असेल तर बदलाचा दिवस, वेळ आणि आधीची रक्कम मिळेल. नाव मात्र मालकांचंच दिसेल. लॉग बंद असेल तर जुलैच्या आधीचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि मार्चचं विक्री रजिस्टर आताच्या रजिस्टरशी ताडून बघा. आणखी बिलं हललेली असतील तर तिथे उघडी पडतील. यापलीकडे माणसापर्यंत पोचायचा रस्ता नाही.

आता पुढची मांडणी. बॅकअप घ्या आणि मालकांच्या नावाने आत जा. आल्ट-के दाबल्यावर जो कंपनीचा मेनू येतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत : ‘युजर रोल्स’ (रोल म्हणजे अधिकारांचा एक संच) आणि ‘युजर्स अँड पासवर्ड्स’. बरेच जण थेट दुसरीकडे जातात, युजर करतात आणि त्याला तयार ‘डेटा एंट्री’ रोल चिकटवून मोकळे होतात. मग सगळ्यांना सारखेच अधिकार मिळतात आणि ‘वेगळे युजर करून काय फरक पडला?’ असं वाटतं. आधी रोल करा. तुमच्याकडे दोन लागतील, ‘बिलिंग’ आणि ‘हिशेब’. ‘डेटा एंट्री’चा पाया घेऊन पुढे डाव्या यादीत काय करू द्यायचं नाही आणि उजव्या यादीत काय करू द्यायचं ते भरा. प्रत्येक ओळीत आधी कामाचा प्रकार येतो आणि मग ते कशावर करायचं ते.

बिलिंगवाल्याला विक्रीचं व्हाउचर करता आलं पाहिजे, छापता आलं पाहिजे आणि पार्टीची बाकी दिसली पाहिजे. ताळेबंद, नफा-तोटा, बँकेचं लेजर हे त्याच्या कामाचं नाही. हिशेबनिसाला सगळे अहवाल लागतात, पण कंपनीची माहिती बदलणं आणि युजर करणं हे मालकांकडेच ठेवा.

त्याच पडद्यावर मागच्या तारखेच्या व्हाउचरसाठी दोन रकाने आहेत. एकात किती दिवस मागे जाता येईल तो आकडा, दुसऱ्यात ज्या तारखेच्या मागे जाऊच नये ती तारीख. बिलिंगला दोन दिवस पुरतात. दुसऱ्या रकान्यातली तारीख मात्र दर महिन्याला पुढे सरकवावी लागते : जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरलं की त्या महिन्याची शेवटची तारीख तिथे घाला. हे काम कोणाचं ते ठरवलं नाही तर एप्रिलमध्ये टाकलेली तारीख दिवाळीपर्यंत तशीच राहते.

मग ‘युजर्स अँड पासवर्ड्स’मध्ये माणसागणिक एक नाव करा. ‘बिलिंग१’, ‘काउंटर’ अशी नावं नकोत. मुलगा सोडून गेला की नवा मुलगा त्याच नावावर बसतो आणि लॉगमध्ये दोघांचं एकत्र पीठ होतं.

सगळं झालं की प्रत्येक नव्या नावाने स्वतः आत जाऊन मोडायचा प्रयत्न करा. दहा दिवसांपूर्वीचं व्हाउचर टाका, जुनं बिल उघडून रक्कम बदला, आल्ट-डीने खोडा, आल्ट-एक्सने रद्द करा, ताळेबंद उघडा, डेटा एक्सेलमध्ये काढा. पडद्यावर काय भरलंय यापेक्षा या परीक्षेवर विश्वास ठेवा. खोडणं आणि रद्द करणं यांत फरक आहे. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक मालिकेत राहतो, खोडलेलं व्हाउचर वहीतूनच जातं. बिलिंगला रद्द करू द्या, खोडू देऊ नका.

एडिट लॉग चालू ठेवाच. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. तुमच्या भागीदारी फर्मला तो नियम लागू नाही, म्हणूनच तुमच्याकडे तो बंद राहू शकतो. साध्या टॅलीप्राइममध्ये लॉग चालू-बंद करता येतो, ‘एडिट लॉग’ नावाची जी वेगळी आवृत्ती आहे तिच्यात तो बंदच होत नाही.

एक भोक उरतं आणि ते टॅलीच्या बाहेर आहे. तीन कॉम्प्युटरवर चालवण्यासाठी डेटाचं फोल्डर विंडोजमध्ये शेअर केलेलं असणार, आणि बहुतेक ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ असं, म्हणजे सगळ्यांना पूर्ण हक्क. म्हणजे बिलिंगच्या मुलाला टॅलीत ताळेबंद दिसत नसला तरी तो अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर नेऊ शकतो किंवा चुकून डिलीट करू शकतो. ‘एव्हरीवन’ काढून फक्त त्या तीन विंडोज खात्यांना हक्क दिले तर बाहेरचा माणूस थांबतो, आतला नाही, कारण टॅलीला लिहिण्यासाठी तो हक्क लागतोच. आतल्यालाही थांबवायचं असेल तर टॅलीप्राइम सर्व्हर (फोल्डर थेट हाती न देता डेटा पुरवणारं टॅलीचं सॉफ्टवेअर) घ्या, नाहीतर मुलांना रिमोट डेस्कटॉपवरून फक्त टॅलीची खिडकी द्या. टॅलीव्हॉल्टने डेटा कुलपात जातो, त्यामुळे नेलेलं फोल्डर दुसरीकडे उघडत नाही. पण व्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवायची सोय नाही. कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

रेस्टॉरंटच्या बिलिंग मशीनवर कॅप्टन लोक (टेबलावर ऑर्डर घेणारे) केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, रद्द करतात. मॅनेजरचा पिन लागतो, तरी रद्दचा आकडा वाढतोच आहे.
— म्हापसा

पिन कॅप्टनला पाठ आहे, दुसरं काय! गर्दीच्या वेळी मॅनेजर तो काउंटरवरून ओरडून सांगतो. चार आकडी पिनऐवजी मॅनेजरचं कार्ड किंवा बोटाचा ठसा लावा. बहुतेक मशीनना त्याची सोय असते.

‘रद्द’ हा एकच अधिकार समजू नका. किचनमध्ये केओटी छापण्याआधी ओळ काढणं निरुपद्रवी आहे, ते कॅप्टनला असू द्या. केओटी छापल्यानंतर पदार्थ काढणं मॅनेजरकडे. बिल छापल्यानंतर ते रद्द करणं किंवा त्यातली ओळ काढणं हे सगळ्यात धोक्याचं : गिऱ्हाइकाने छापलेल्या बिलावर रोख दिली, मग बिलातून दोन बिअर गेल्या, फरक खिशात. हा अधिकार एकाच माणसाला द्या आणि कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. बिल पुन्हा छापणं, कॉम्प्लिमेंटरी (फुकट) टाकणं, विक्रीविना गल्ला उघडणं, बंद केलेला दिवस परत उघडणं, हेही सुटे अधिकार आहेत. ते बहुधा कोणी बघितलेले नसतात आणि सगळ्यांना दिलेले असतात.

रात्री रद्द केओटींची यादी काढून किचनमधल्या खिळ्यावरच्या चिठ्ठ्यांशी जुळवा. किचनने करून बाहेर दिलेला पदार्थ रद्द यादीत दिसला तर वेळ आणि टेबल बघून विचारा. आठवडाभर नेमाने विचारलंत की आकडा बराच खाली येईल.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा युजर डिलीट करावा की बंद ठेवावा?
— नाशिक रोड

बंद ठेवा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नोंदींवर त्याचं नाव हवंच असतं. विंडोजच्या डोमेनमध्ये (ऑफिसमधली सगळी खाती एका सर्व्हरवरून चालतात तिथे) तर कारण आणखी पक्कं आहे. तिथे हक्क नावाला दिलेले नसतात, खात्यामागच्या एका लांबलचक ओळख-क्रमांकाला दिलेले असतात. खातं डिलीट करून त्याच नावाने पुन्हा केलंत तर क्रमांक नवा पडतो आणि जुने फोल्डर उघडत नाहीत. ईमेलला थोडी सवलत आहे : डिलीट केलेला युजर गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवस परत आणता येतो.

बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळे आधी हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करतात आणि ईमेल महिनाभर ‘पत्रं येत असतील’ म्हणून चालू ठेवतात. बाकी सगळ्या पासवर्डांचे रिसेट ईमेलवर आणि मोबाइलवर येतात, म्हणून पहिलं ईमेल. पत्रं दुसऱ्याकडे वळवा, लॉग-इन बंद करा, चालू असलेली सत्रं तोडा. मग त्याच्या लॅपटॉपवरचं किंवा घरच्या कॉम्प्युटरवरचं एनीडेस्कसारखं रिमोट सॉफ्टवेअर : ऑफिसच्या मशीनवर कायमचा पासवर्ड ठेवलेला असेल तर तो बदला. मग बँक, जीएसटी, आयकर पोर्टल, आणि तिथे मोबाइल नंबर कोणाचा नोंदलाय ते. डिजिटल सहीचा टोकन त्याच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ताब्यात घ्या. शेवटी सर्वांना माहीत असलेले पासवर्ड : वायफाय, कॅमेरे, राउटर.

हे त्याच दिवशी, तो दाराबाहेर पडेपर्यंत झालं पाहिजे. एचआरने शेवटची तारीख आधी कळवली तर खात्यालाच ती मुदत घालून ठेवता येते, मग कोणी विसरायचा प्रश्न येत नाही.

आमचे दोन प्लांट आहेत, चाकण आणि रांजणगाव. एसएपीमध्ये (कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) स्टोअरच्या माणसाला फक्त चाकण दिलं. तरी तो रांजणगावला मालाची आवक टाकू शकतो. उलट चाकणमध्ये स्क्रॅपची नोंद करताना ‘अधिकार नाही’ येतं, आणि एसयू५३ मध्ये (कोणता अधिकार कमी पडला ते दाखवणारा पडदा) भलतंच काहीतरी दिसतं.
— चाकण

दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं. एसएपीत ‘नाही’ म्हणायची सोय नसते. रोल फक्त हक्क वाढवतो, काढून घेत नाही. तुम्ही चाकणपुरता रोल दिलात, पण त्याच्याकडे दुसरा एखादा रोल असणार ज्यात प्लांटच्या जागी तारा (*, म्हणजे सगळे प्लांट) किंवा रांजणगावचा क्रमांक आहे. ‘अमक्यासारखाच युजर करा’ म्हणून एसयू०१ मध्ये (युजर करायचा पडदा) जुना युजर कॉपी केला की असे रोल सोबत येतात. एसयूआयएममध्ये (कोणाकडे काय हक्क आहेत ते शोधायचा पडदा) जा, त्या युजरचे रोल काढा आणि त्यांत एम_एमएसईजी_डब्ल्यूडब्ल्यूई हे ऑब्जेक्ट (अधिकार तपासायचा एक मुद्दा) कोणत्या रोलमध्ये रांजणगावच्या प्लांटसकट आहे ते शोधा. ऑर्डरवरच्या आवकेला प्लांट तिथे तपासला जातो.

रोल एकच आहे आणि तरी असं होतं, असं निघालं तर पीएफसीजीमध्ये (रोल करायचा पडदा) तो ऑब्जेक्ट उघडून बघा. प्लांट हे संघटनात्मक पातळीचं मूल्य आहे. वरच्या ‘ऑर्गनायझेशनल लेव्हल्स’ बटणातून ते एकदा भरलं की रोलमधल्या सगळ्या ऑब्जेक्टमध्ये उतरतं. पण कोणी घाईत ऑब्जेक्टच्या आत जाऊन हाताने बदललं असेल तर त्या जागेचं वरच्या बटणाशी नातं तुटतं. त्यानंतर वर तुम्ही चाकण घाला नाहीतर काहीही घाला, आत जुनंच राहतं. तो ऑब्जेक्ट काढून मूळ रूपात पुन्हा आणा आणि मूल्य वरूनच भरा. दोन प्लांटसाठी एक मूळ रोल आणि त्यावरून दोन व्युत्पन्न रोल केलेत तर फरक फक्त प्लांटचा राहतो.

दुसरं. एसएपीत मालाच्या प्रत्येक हालचालीला एक क्रमांक असतो; स्क्रॅप म्हणजे हालचाल प्रकार ५५१. आवक १०१ वर चालते, त्यामुळे आवक होते आणि स्क्रॅप अडतं. हालचाल प्रकार एम_एमएसईजी_बीडब्ल्यूए या ऑब्जेक्टमध्ये तपासला जातो, तिथे ५५१ नसणार. एसयू५३ मध्ये भलतं दिसतं कारण प्रोग्राम एका बटणामागे अनेक तपासण्या करतो, आणि त्यांतल्या काही नापास झाल्या तरी काम अडत नाही. एरर आल्या आल्या, मध्ये दुसरं काही न उघडता, एसयू५३ काढायला सांगा. तरी उलगडा झाला नाही तर एसटीऑथट्रेस (अधिकारांच्या सगळ्या तपासण्या नोंदवणारं साधन) त्या युजरवर लावा, नोंद करून बघायला सांगा आणि ट्रेस बंद करा. परतीचा कोड ० म्हणजे पास, ४ म्हणजे ऑब्जेक्ट आहे पण मूल्य जुळत नाही, १२ म्हणजे ऑब्जेक्टच नाही. तुमच्याकडे ४ यायला हवा.

बदल डेव्हलपमेंटमध्ये (चाचणीच्या सिस्टिमवर) करून ट्रान्सपोर्टने प्रॉडक्शनवर (रोजच्या कामाच्या सिस्टिमवर) आणा. प्रोफाइल जनरेट करा, युजर कंपॅरिझन (रोलमधले हक्क युजरपर्यंत पोचवणारी पायरी) चालवा, आणि त्या माणसाला एकदा बाहेर पडून परत आत यायला सांगा. ‘रोल दिला तरी चालत नाही’ अशा बऱ्याच तक्रारी या शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्यामुळे असतात.

पण ५५१ द्यायच्या आधी प्लांट हेडना एक विचारा. याच माणसाकडे साठा मोजणीतला फरक टाकायचा ७०१ आणि ७०२ चा हक्कही आहे का? असेल तर माल आत घेणं, कमी आहे म्हणणं आणि भंगारात काढणं हे तिन्ही एका हातात जातं. मग कोठारातून काय बाहेर गेलं ते कागदावर कधीच दिसणार नाही. स्क्रॅपची मागणी त्याने टाकावी, नोंद दुसऱ्याने करावी. ऑडिटर तेच सांगतील, फक्त मार्चनंतर.

गोदामातली डिस्पॅचची मुलं मुख्य आयडीने ई-वे बिल (माल गाडीने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) करतात. ओटीपी मालकांच्या मोबाइलवर येतो, ते मीटिंगमध्ये असले की गाडी उभी.
— भिवंडी

ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य आयडीने जाऊन ‘युजर मॅनेजमेंट’मध्ये सब-युजर करा. नाव तुमच्या आयडीला शेपूट जोडून तयार होतं. प्रत्येकाचा स्वतःचा मोबाइल नंबर घाला, ओटीपी त्याच नंबरवर येतो. दोन पायऱ्यांची ही तपासणी १ एप्रिल २०२५ पासून लहान-मोठ्या सगळ्या करदात्यांना सक्तीची आहे. एसएमएस येत नसेल तर संदेस किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड अॅप चालतं. गोदामात नेटवर्क अडखळतं तिथे शील्ड बरं, कारण ते कोड फोनवरच तयार करतं.

सब-युजरला काय करता येईल ते खुणा करून ठरवता येतं : बिल तयार करणं, एकत्रित बिल, समोरच्याचं बिल नाकारणं, अहवाल, मास्टर (ग्राहक आणि मालाची साठवलेली माहिती) बदलणं. डिस्पॅचला पहिली दोन पुरेत. नाकारण्याचा हक्क हिशेबनिसाकडे ठेवा. एकाहून जास्त गोदामं असतील तर सब-युजर एकाच ठिकाणाला बांधता येतो. मुलगा गेला की ‘फ्रीझ’ करा. केलेलं बिल २४ तासांत रद्द करता येतं, म्हणून रोज संध्याकाळी सब-युजरनिहाय यादी कोणीतरी बघितली पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी चूक कळून उपयोग नसतो.

आमच्या पतसंस्थेत पासिंग ऑफिसर (व्हाउचर मंजूर करणारे साहेब) रजेवर गेले की त्यांचा पासवर्ड ज्युनिअरकडे असतो. काम थांबवता येत नाही. शिवाय संगणकवाले दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतात, तो टेबलाच्या काचेखाली लिहिलेला असतो.
— कोरेगाव, जि. सातारा

ज्युनिअर एन्ट्री करतो आणि साहेबांच्या नावाने स्वतःच पास करतो. म्हणजे दोन सह्यांची पद्धत कागदावर उरली. उद्या काही निघालं तर रजेच्या अर्जावर एक तारीख आणि सिस्टिममध्ये त्याच तारखेला पास केलेलं व्हाउचर, असे दोन पुरावे साहेबांच्याच अंगाशी येतील. त्यांना हे दाखवा, पासवर्ड देणं आपोआप थांबेल.

बदली पासिंग ऑफिसर आधीच नेमून ठेवा. कार्यालयीन आदेशात नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि किती रकमेपर्यंत हे लिहा. सिस्टिममध्ये त्याच्या स्वतःच्या आयडीला पासिंगचा हक्क त्याच मुदतीसह द्या. शाखेत दोघेच असतील तर मुख्य कार्यालयातल्या माणसाला त्या शाखेची पासिंग रांग दिसू द्या. त्याच्यासाठी व्हाउचरचा फोटो सिस्टिमलाच जोडा, व्हॉट्सअॅपवर नको.

मग सॉफ्टवेअरवाल्यांसमोर तीन गोष्टी करून बघा. ज्याने एन्ट्री केली त्यालाच पासिंगचा हक्क असेल तर तो स्वतःची एन्ट्री पास करू शकतो का? पासिंगची मर्यादा ५० हजार असेल तर त्याच खात्यावर ४९ हजारांची तीन व्हाउचर एका दिवसात पास होतात का? होत असतील तर मर्यादा व्हाउचरला लागली आहे, दिवसाच्या बेरजेला नाही. आणि बरीच वर्षं व्यवहार नसलेलं खातं चालू करणं व त्यातून पैसे काढणं एकच माणूस एकाच बैठकीत करू शकतो का? त्या खात्यांकडे मालक बघत नसतो, म्हणून आतल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. चालू करण्याचा हक्क वेगळा काढून शाखाधिकाऱ्याकडे द्या.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या इंजिनिअरकडे डेटाबेसचा थेट पासवर्ड असतो, तेही विचारा. तो दुरुस्तीपुरता द्यायचा, काम झालं की बदलायचा, आणि काय बदललं ते पत्रावर घ्यायचं.

राहिला ३० दिवसांचा नियम. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच, पासवर्ड फुटल्याची शंका नसेल तर ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये, असं म्हटलं आहे. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात नाहीतर काचेखाली लिहितात, तुमच्याकडे दुसरं झालं. तरी तपासणीच्या नियमात किंवा सॉफ्टवेअरच्या करारात मुदत लिहिलेली आहे का ते आधी बघा. नसेल तर संचालक मंडळाच्या ठरावाने ती वाढवा. बदल्यात पासवर्ड लांब मागा, चार-पाच सुट्या शब्दांचा. पाच वेळा चुकला की खातं अडकू द्या आणि पासिंगच्या आयडीला बोटाचा ठसा जोडा. ठसा मात्र साहेबांचाच घ्या. सोयीसाठी एकाच आयडीला दोघांचे ठसे जोडलेत तर काचेखालचा पासवर्ड आणि हे, दोन्ही सारखंच.